धातूचा धर्म आणि रथाचा आस

जुन्या वस्तूचा झिजलेला भाग बदलताना तो पूर्वीच्याच धातूचा घालावा, की आज अधिक हलका आणि अधिक देखणा धातू मिळतो म्हणून तो घालावा, हा प्रश्न लोहाराच्या भात्यापाशीच निकालात निघावा असा दिसतो. नीतिविचाराला त्यात जागा कोठे, असे वाचक विचारतील. परंतु ज्या वस्तूवर एक माणूस विश्वासाने बसतो आणि जिच्या समोरून दुसरा एखादा माणूस तितक्याच विश्वासाने रस्ता ओलांडतो, तिच्यातील धातूची निवड ही केवळ कारागिरीची बाब राहत नाही, असे आम्हांस वाटते. एका प्रत्यक्ष उदाहरणाने ते तपासून पाहू.

बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखात मोडत. त्या काळच्या वाड्यांतून, वखारींतून काही जुन्या मोटारी अद्याप ताडपत्रीखाली उभ्या आहेत. आमच्या परिचयातील एका गृहस्थांकडे अशीच एक दोन आसनांची इंग्रजी क्रीडामोटार आहे, एम. जी. कारखान्याची, टी. डी. या नमुन्याची. हा नमुना १९४९ च्या अखेरीस निघाला आणि १९५३ पर्यंत चालला. त्याच्या आधीच्या टी. सी. नमुन्यात पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असून खाली पाटे असत, टी. डी. मध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म आणि गुंडाळीची स्प्रिंग आली. आता प्रश्न त्या आर्मचाच आहे. सत्तर वर्षांच्या गंजाने आणि खड्ड्यांनी ते थकले आहेत. पोलादाचे तसेच नवे नग परदेशातून मागवता येतात. आणि गृहस्थांच्या अभियंता भाच्याचे म्हणणे असे की, पुण्यात ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून ते कोरून घ्यावेत, हलके होतील आणि गंजणार नाहीत. मामा-भाच्यांचा हा वाद महिनाभर चालला आहे, आणि दोघेही प्रामाणिक आहेत, म्हणूनच तो मिटत नाही.

यंत्राची ओळख नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगणे भाग आहे. आर्म हा एक हातच असतो. त्याचे आतले टोक बुशमधून चेसिसला धरलेले, बाहेरचे टोक चाकाला. चाक खड्ड्यात गेले की हा हात खाली जातो, उंचवट्यावर गेले की वर येतो, आणि चाकाची दिशा मात्र ढळू देत नाही. तो तुटला तर चाक आपल्या मनाप्रमाणे वळते. मग चालकाच्या हातातील चक्राला काही अर्थ उरत नाही. इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्याकडेला उभा राहतो. आर्म तुटला तर उभा राहण्याची संधी मिळेलच असे नाही.

आता भाच्याची बाजू प्रथम ऐकू. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट. एकाच आकाराचा भाग दोहोंत घडवला तर दुसऱ्याचे वजन जवळजवळ एक तृतीयांश भरते. स्प्रिंगच्या खाली लोंबणारे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याला अधिक चिकटून राहते. हे खरे आहे, आणि क्रीडामोटारीचा प्राण त्यातच आहे हेही खरे. परंतु निसर्ग एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने काढून घेतो. ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच असतो. तितकाच ताठ हात हवा असेल तर तो जाड करावा लागतो, आणि जाड केला की मिळवलेल्या हलकेपणातून बरेच परत द्यावे लागते. शिवाय आर्मचे आतले टोक चेसिसला टेकलेले असल्याने त्याचे सारे वजन चाकाच्या खाती जमा होतच नाही, साधारण निम्मे होते. म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरच्या गतीने रविवारी सकाळी माणिकनगरच्या दर्शनाला जाऊन येणाऱ्या मोटारीला या धातुबदलातून जो लाभ व्हायचा तो चालकाच्या खिशातील किल्ल्यांच्या जुडग्याहून फार मोठा नसावा. शर्यतीच्या मैदानावर हिशेब निराळा होईल. पण गृहस्थ शर्यतीत उतरणार नाहीत, आणि हुमनाबादहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता हे शर्यतीचे मैदान नव्हे.

खरा भेद वजनात नाही. धातूलाही थकवा येतो, आणि हे दोन धातू थकव्याला निरनिराळ्या रीतीने तोंड देतात. मानवजातीला हे ज्ञान फार महागात पडले. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. आस भक्कम होता. वाहायचे ओझे त्याच्या शक्तीहून कमी होते. तरी तो मोडला. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर या रेल्वे अभियंत्याने १८५० ते १८७० च्या दरम्यान आसांना पुन्हा पुन्हा फिरवून, वाकवून चिकाटीने प्रयोग केले, तेव्हा कळले की एका मोठ्या घावाने न मोडणारे लोखंड लक्षावधी लहान घावांनी मोडते. परंतु त्यातच एक दिलासाही सापडला. लोखंड-पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या आत राहिला तर घाव किती झाले हे ते मोजत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण थोडा असला तरी त्याची नोंद कोठेतरी होत राहते, आणि केव्हातरी ती वही भरते. आमच्याकडच्या रस्त्यावर दर दहा मीटरला एक हादरा धरला (कलबुर्गीची काळी जमीन, वाडी-चित्तापूरकडील सिमेंटचे ट्रक आणि पावसाळा हे ज्यांनी पाहिले आहेत ते यास अतिशयोक्ती म्हणणार नाहीत) तर एका किलोमीटरला शंभर आणि दहा हजार किलोमीटरला दहा लक्ष हादरे होतात.

पोलादाची ही स्तुती विनाशर्त नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. गंजाने पृष्ठभाग खाल्ला की ती मर्यादा उरत नाही. गंजाचा प्रत्येक खळगा म्हणजे भेगेचे बीज. म्हणून सत्तर वर्षांचा जुना आर्म केवळ मूळचा आहे एवढ्यावर पूज्य ठरवून पुन्हा बसवणे हा तिसरा मार्ग, जो काही भाविक संग्राहकांस सर्वांत शुद्ध वाटतो, तो आम्हांस सर्वांत वाईट वाटतो.

धातू मोडण्यापूर्वी काही सांगतो की नाही, याला आम्ही फार महत्त्व देतो. शहाबादी फरशी आमच्या घराघरांत आहे. माळ्यावर टाकलेली फरशी आणि माळ्यावर टाकलेली सागाची फळी यांतील फरक घरातील म्हातारी माणसे जाणतात: फळी आधी वाकते, करकरते, मग तुटते, फरशी काल होती आणि आज नाही. चांगले घडीव पोलाद फळीच्या कुळातले आहे. जबर धक्का बसला की ते वाकते. गाडी एका बाजूला ओढू लागते, टायर वेडावाकडा झिजतो, आणि चालकाला समजते की काहीतरी बिघडले. ओतीव ॲल्युमिनियम फरशीच्या कुळाकडे झुकते. घडीव ॲल्युमिनियम त्या मानाने पुष्कळ बरे, हे भाच्याने आम्हांस सुनावले आहे आणि ते मान्य आहे. परंतु भेग शोधायची झाली तर पोलादावर चुंबक आणि लोहचूर्ण यांनीही ती दिसते. ॲल्युमिनियमवर चुंबकाचा उपाय चालत नाही, रंगद्रव आत मुरवून, पुसून, पुन्हा उमटतो का ते पाहावे लागते. पूर्वी वाडी जंक्शनसारख्या मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली की एक कामगार लांब दांड्याच्या हातोड्याने प्रत्येक चाकावर टिचकी मारीत जाई आणि नादावरून चाकाचे आरोग्य ओळखी. आपल्या आयुष्याचा भरवसा त्या टिचकीवर आहे हे डब्यातील प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असे.

मग ॲल्युमिनियम अविश्वासू आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. बीदरकरांनी तर तसे मुळीच म्हणू नये. बीदरच्या वायुदल तळावरून उडणारी सूर्यकिरण पथकाची विमाने १९९६ पासून या आकाशाची शोभा आहेत. आणि विमानाचा देह मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचाच असतो. विमानविद्येनेही या धातूचा थकवा रक्त देऊनच ओळखला. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरो येथे त्याच जातीच्या एका विमानाचा देह पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात दाब पुन्हा पुन्हा भरून सोडला, तेव्हा सुमारे तीन हजार उड्डाणांइतक्या श्रमानंतर तो फाटला आणि कारण हाती आले. तेव्हापासून विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला तासांचा आणि उड्डाणांचा हिशेब असतो. अमुक इतके झाले की तपासणी, तमुक इतके झाले की भाग काढून टाकणे, तो दिसायला नवाकोरा असला तरीही.

आमच्या दृष्टीने वादाचे मर्म येथे आहे. ॲल्युमिनियम हे व्रत आहे. व्रत घेणे चांगले, पण ते घेतल्यावर नियम पाळावे लागतात, आणि उद्यापनाचा दिवस पंचांगात आधीच पाहून ठेवावा लागतो. सूर्यकिरणच्या विमानाभोवती हे व्रत पाळणारी शिस्तबद्ध माणसे आहेत, नोंदवह्या आहेत, अधिकारी आहेत. ताडपत्रीखालच्या मोटारीभोवती कोण आहे? भाचा आज उत्साही आहे. उद्या त्याची बदली बंगळूरला किंवा परदेशी होईल. मग दहा हजार किलोमीटर झाले हे कोण पाहणार, आणि आर्म खोलून रंगद्रव कोण लावणार? पोलादाचा आर्म मागणी कमी करतो. रंग उडाला तर लावा, ग्रीस द्या, बुश पाहा. एवढे तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही करील. पुढच्या माणसाच्या विस्मरणाला क्षमा करणारा धातू निवडणे, यात आम्हांस एक प्रकारचे सौजन्य दिसते.

आमच्या कोकणी वाचकांची मात्र येथे हरकत येईल, आणि ती रास्त आहे. कारवार, मडगाव, मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात पोलाद किती दिवस टिकते, हे त्यांना आम्ही सांगायला नको. तेथे न गंजणाऱ्या धातूचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्याच खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमच्या आर्ममधून पोलादी बोल्ट जातो, तेव्हा दोन धातू आणि मध्ये खारट ओल असा विजेच्या घटासारखा प्रकार होऊन ॲल्युमिनियमच खाल्ले जाते, आणि तेही बोल्टच्या भोवती, जेथे डोळा पोचत नाही. किनाऱ्यावरच्या गृहिणींना या धातूचा स्वभाव केव्हाचा ठाऊक आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आपण ‘जर्मन’ म्हणतो. त्या जर्मनच्या पातेल्यात भात चालतो, दूध चालते, पण कोकमाची कढी कोणी करीत नाही. तांब्याचा गडू, पितळेची कल्हई केलेली परात, लोखंडी तवा, दगडी: प्रत्येक पात्राला त्याचे अन्न ठरलेले आहे. आमच्या बीदरच्या बिदरी कलाकाराने जस्तात थोडेसेच तांबे मिसळले (साधारण सोळास एक) ते ताकदीसाठी नव्हे. किल्ल्यातील मातीने हे मिश्रण काळेभोर होते आणि त्यावर जडवलेली चांदी पांढरीच राहते म्हणून. त्याच बिदरीचा कोणी आस केला तर? धातूला श्रेष्ठ-कनिष्ठ म्हणण्यात अर्थ नाही. कोणते काम त्याच्यावर सोपवले ते पाहायचे.

आता ‘मूळ’ या शब्दाकडे वळू, कारण मामांचा सारा भर त्याच्यावर आहे. मोटार मूळ स्वरूपात राहिली पाहिजे, म्हणून पोलाद, असे ते म्हणतात. निष्कर्ष आम्हांस मान्य आहे, पण कारण तपासावे लागेल. परदेशातून येणारा नवा पोलादी आर्म तरी मूळ कोठे आहे? तो १९५२ साली त्या कारखान्यात घडलेला नाही. यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाकडे रथात बसून आला, तेव्हा नागसेनाने त्याला हाच पेच घातला होता: महाराज, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणत गेला आणि शेवटी त्याला कबूल करावे लागले की या साऱ्यांच्या विशिष्ट मांडणीला आपण रथ म्हणतो. पुरीला जगन्नाथाचे तिन्ही रथ दरवर्षी नव्या लाकडाचे होतात. सोळा, चौदा आणि बारा मिळून बेचाळीस चाके दरवर्षी नवी. तरी नंदिघोष हा नंदिघोषच. उलट तमिळनाडूतील तिरुवारूरच्या प्रचंड रथाला तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने लोखंडी चाके, आस आणि हायड्रॉलिक ब्रेक करून दिले. तेथे धातूच काय, चाकाची जातच बदलली. परंतु दोर ओढणाऱ्या हजारो माणसांच्या पायांचा तो प्रश्न होता, आणि देवाने त्यावर रुसवा धरल्याचे ऐकिवात नाही.

यावरून आमची धारणा अशी बनली आहे की मूळपणा पदार्थात शोधू नये, कर्त्याच्या हेतूत आणि त्याच्या हिशेबात शोधावा. टी. डी. च्या कर्त्याने स्प्रिंगचा ताठपणा, बुशचे रबर, चेसिसची लवचीक सांधणी हे सारे पोलादी आर्म गृहीत धरून जुळवले. त्यातील एक आकडा बदलला तर इतर आकडे ओरडणार नाहीत, पण मुकाट्याने चुकतील. याच न्यायाने पोर्शे ९११ या प्रसिद्ध जर्मन मोटारीत १९७४ पासून मागील आर्म ओतीव ॲल्युमिनियमचे आले, तर त्या वर्षाच्या गाडीला ॲल्युमिनियमच घालावे. तेथे पोलादाचा आग्रह हाच मूळपणाचा भंग होईल. कर्ते स्वतःही परिस्थितीपुढे वाकलेले असतात: १९४८ ची लँड रोव्हर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झाली ती युद्धोत्तर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती म्हणून, जग्वारच्या एक्स. के. १२० च्या पहिल्या सुमारे २४० गाड्यांचे अंग ॲल्युमिनियमचे होते आणि मागणी वाढताच ते पोलादाचे झाले. धातूच्या निवडीत सिद्धान्त असतो तेवढीच बाजारपेठही असते.

मूळपणाच्या या चर्चेत एक गोष्ट आम्हांस धातूहूनही महत्त्वाची वाटते. भाच्याने मध्यंतरी तोड सुचवली: ॲल्युमिनियमचे आर्म करावेत आणि त्यांना काळा रंग देऊन पोलादासारखे दिसू द्यावे, म्हणजे मामांचे डोळेही निवतील. या तडजोडीला आमचा ठाम विरोध आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली तिचे एक तत्त्व असे की नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, तथापि बारकाईने पाहणाऱ्यास तो नवा म्हणून ओळखता यावा; दुरुस्तीने इतिहासाची साक्ष खोटी करू नये. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे २०१५ साली पुरातत्त्व खात्याने रासायनिक संवर्धन केले, तेव्हा भक्तांत मतभेद झाले, वाद झाले. पण काम झाले ते सर्वांना सांगून, उघडपणे. रंगाखाली लपवलेला धातू मामांना फसवीत नाही, त्यांना तर ठाऊकच आहे. तो फसवतो वीस वर्षांनंतरच्या मिस्त्रीला. तो बिचारा पोलाद समजून त्यावर वेल्डिंगची ज्योत धरील. उष्णतेने कसलेल्या ॲल्युमिनियमची शक्ती त्या ज्योतीजवळ बऱ्याच अंशी निघून जाते, आणि रंगाचा नवा हात मारल्यावर कोणाला काही दिसत नाही.

भाचा तरुण आहे. त्याच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा अखेर तो बोललाच. जोखीम माझी आहे, मी घेईन. क्रीडामोटार म्हणजे हलकेपणाच, तोच तिचा धर्म. लोटस मोटारींचे जनक कॉलिन चॅपमन यांचे सारे कर्तृत्व हलकेपणाच्या या उपासनेतून उभे राहिले, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यांच्याच गाडीत ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे योखेन रिंट हा चालक गेला. ब्रेकचा, वजन वाचवण्यासाठी पोकळ केलेला दांडा तुटला, आणि रस्त्याकडेचा कठडाही नीट बसवलेला नव्हता. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. धातू कोणता हा तेथे प्रश्नच नव्हता. किती काढून घेतले तरी चालेल, हा होता. तरीही रिंट व्यवसायाने शर्यतपटू होता, गाडीच्या नाजूकपणाची त्याला पूर्ण जाणीव होती आणि तरी तो तीत बसला. भाच्याच्या शेजारच्या आसनावर जी व्यक्ती बसेल तिला ही जाणीव कोण देणार? हमरस्त्याच्या कडेने सायकलवर ज्वारीचे पोते नेणाऱ्याची संमती कोणी घेतली? दशरथाच्या रथाचा आस रणात निखळला तेव्हा कैकेयीने तेथे आपला हात घातला, असे हरिदास सांगतात. तो हात तिने स्वतः घातला म्हणून त्याचे मोल वरांनी झाले. दुसऱ्याचा हात त्याला न विचारता आसाच्या जागी घालणे, याला शौर्य म्हणता येत नाही.

कायद्याचे एक कलमही ध्यानात घ्यावे. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची प्राचीन वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते; परंतु ती मूळ स्वरूपात असावी, चेसिस, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे. आर्मचा उल्लेख त्यात नावाने नाही. पळवाट शोधणाऱ्यास ती सापडेल.

मामांना आम्ही पोलाद सुचवले आहे. आम्ही निर्मळजवळच्या मुलखातली माणसे आहोत, तेथील कोनसमुद्रमच्या भट्ट्यांतले पोलाद एके काळी इराणी व्यापारी घेऊन जात, असा थोडा पक्षपात त्यात असेलही. नवे आर्म बसवण्यापूर्वी त्यांवर चुंबकाची परीक्षा करून घ्यावी, कारण नवा नगही सदोष निघू शकतो. बुश आणि बोल्ट त्याच वेळी बदलावेत. आणि भाच्याला जे व्रत घ्यायचेच होते ते त्याने एका वहीच्या रूपाने घ्यावे, पहिल्या पानावर तारीख आणि किलोमीटर लिहून. उतरवलेले दोन्ही जुने आर्म मामा भंगारात देऊ इच्छीत नाहीत. तेल लावून, मेणकापडात गुंडाळून, उजवा कोणता आणि डावा कोणता याची चिठ्ठी बांधून ते माळ्यावर ठेवावेत. मात्र चिठ्ठीवर ‘पुन्हा बसवू नयेत’ हे शब्द मराठीत आणि कन्नडात, दोन्ही लिपींत, ठळक लिहावेत. पुढे ती मोटार कोणाच्या दारी जाईल आणि तेथे कोण वाचील, हे आज कोणास सांगता येणार?